करंगळीचा खरा रंग

त्या वॉर्डात तिला तोंडावर सगळे सिस्टर म्हणत आणि पाठीमागे खातरजमा. हे नाव कुणी पाडलं ते तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला रागही येत नसे. औषधाची बाटली कपाटातून काढताना ती लेबल वाची, सुईत औषध भरताना पुन्हा वाची आणि रिकामी बाटली टाकून देताना तिसऱ्यांदा वाची. डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला की तो त्यांच्याच तोंडून परत वदवून घेई. नवे डॉक्टर वैतागत, जुने मुकाट्याने दोनदा बोलत.

याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, एकसारख्या झाकणांच्या दोन बाटल्या एका ट्रेमध्ये आल्या होत्या. चुकीची बाटली तिच्या हातात होती आणि सुई रुग्णाच्या दंडापासून वीतभर लांब. तेवढ्यात कुणीतरी मागून हाक मारली म्हणून ती थांबली आणि तिची नजर लेबलावर गेली. हाक दुसऱ्याच कुणाला होती. त्या दिवशी काही घडलं नाही, म्हणून त्याची कुठे नोंदही झाली नाही. पण तिने कानाला खडा लावला तो लावलाच. बावीस वर्षं झाली तरी घरी गॅस बंद आहे का ते ती दोनदा बघे. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. तो म्हणे की, मी बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तरी ही खिडकीतून हात काढून बघते.

वॉर्ड जखमांचा होता. साखरेच्या आजाराने पाय गेलेले, अंथरुणाला खिळून पाठीला व्रण पडलेले, भाजलेले, अशी माणसं तिथे महिना महिना राहत. जखमेचा रोजचा कपडा, म्हणजे ड्रेसिंग, बदलणं हे तिचं मुख्य काम. मोठे सर्जन, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते फक्त बुधवारी येत. एरवी ते दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात बसून रोजचे फोटो पाहत आणि त्यावरून काय करायचं ते कळवत. त्यासाठी वॉर्डात एक चांगला, वजनदार कॅमेरा होता. त्याच्या डब्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, ‘चक्री हिरव्या खुणेवर ठेवा आणि बटण दाबा.’ त्या चक्रीवर इतरही अक्षरं होती, पण त्यांच्या वाटेला कुणी जात नसे.

गंमत अशी की त्या वॉर्डात सिस्टरने कधीच पडताळून न पाहिलेली वस्तू कोणती असेल, तर ती हा कॅमेरा. माणूस थकतो, विसरतो, वेळ मारून नेतो. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार, असं तिला वाटे.

एका महिन्याच्या सुरुवातीला सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ आले. चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता, म्हणून वॉर्डात ते स्टुडिओवाले काका झाले. बायको गेलेली, लग्न न केलेली एक मुलगी शाळेत शिकवायची आणि दुपारनंतर येऊन बसायची. काकांच्या उजव्या टाचेला खोल जखम होती आणि त्याच पायाच्या करंगळीला नखाजवळ एक काळपट ठिपका. पहिल्या आठवड्यात सगळं ठीक चाललं होतं. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मोठ्या सरांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता. तीन दिवसांच्या फोटोंत पाय काळवंडत चालला आहे, ते म्हणाले. तीन बोटं काढावी लागतील असं दिसतंय, बुधवारी बघू.

सिस्टर तडक काकांच्या खाटेपाशी गेली, दिवा ओढून पाय पाहिला. तिला तो इतका काळा वाटला नाही. पण आधी पाहिलेला रंग डोळा नेमका लक्षात ठेवत नाही हे तिला माहीत होतं. मग तिने कंप्युटरवरचे फोटो ओळीने लावले. पहिले चार गुलाबीसर होते आणि शुक्रवारपासूनचे तीन एकदम काळसर. शुक्रवारपासून तिची रजा होती. ते तिन्ही कपडे दुसऱ्या सिस्टरने बदलले होते.

तिच्या मनात पाल चुकचुकली. दुसरी सिस्टर वयाने लहान, हाताने चपळ आणि बोलायला हसरी होती. म्हणजे खातरजमेच्या दृष्टीने आधीच अर्धी संशयित. पट्टी घट्ट बांधली असेल, रक्त अडलं असेल, बोटं काळी पडायला तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या पाळीच्या दोन तास आधी आली आणि पडद्याआड उभी राहून दुसरीचं काम पाहत राहिली. हात धुतले, हातमोजे घातले, जखम धुतली, पट्टी सैल बांधली, पट्टीखाली बोट सरकवून पाहिलं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं होतं. एकच नवीन होतं. काकांच्या पायाखाली तिने एक स्वच्छ पांढरा टॉवेल घातला होता. हिरव्या चादरींवर डाग दिसत नाहीत, म्हणून शुक्रवारपासून ती तसं करत होती.

तरीही सिस्टरने तिला चादरींच्या खोलीत गाठून विचारलंच, की शुक्रवारी आणि शनिवारीही पट्टी अशीच बांधली होतीस ना? दुसरीचं हसू मावळलं. कुणीतरी पडद्यामागे उभं आहे हे तिला चपलांवरून कळलं होतं, असं ती म्हणाली, आणि चादरींचा गठ्ठा उचलून निघून गेली. त्या दिवसापासून ती कामापुरतं बोलू लागली.

दुपारी सिस्टर फोटो काढायला गेली तेव्हा काका तिच्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत होते. मुलीकडून त्यांना तीन बोटांचं कळलं होतं.

“सिस्टर,” ते म्हणाले, “पाय काळा झालेला नाही. त्याच्याखालचा कपडा पांढरा झालाय.”

भीतीने माणूस काय काय बोलतो हे तिने बावीस वर्षं ऐकलं होतं. पाय वाचावा म्हणून कुणी डॉक्टरांना दोष देतं, कुणी यंत्रांना. तिने मान हलवली आणि पट्टी सोडायला लागली. काकांनी आवाज चढवला नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, ते म्हणाले, पण दोन फोटो काढून बघा. पाय तोच, दिवा तोच. एकदा टॉवेलावर, एकदा हिरव्या चादरीवर. पाच मिनिटांचं काम आहे.

पडताळून बघा असं सांगणारा रुग्ण तिला पहिल्यांदाच भेटत होता. तिने दोन फोटो काढले. टॉवेलावरचा पाय काळसर आला. हिरव्या चादरीवर तोच पाय गुलाबी, वर चकाकणारा. ती दोन्ही फोटो मागेपुढे करत पाच-सहा वेळा पाहत राहिली. काकांनी तिला एक बटण दाबायला सांगितलं, तेव्हा फोटोच्या बाजूला आकडे दिसू लागले. पांढऱ्यावर एक छेद एकशेपंचवीस सेकंद, हिरव्यावर एक छेद तीस. म्हणजे एकदा कॅमेऱ्याने डोळा मिचकावला होता आणि एकदा चांगला उघडा ठेवला होता, आणि हे त्याने तिला न विचारता केलं होतं.

“त्याला पांढरं माहीत नाही आणि काळंही माहीत नाही,” काका म्हणाले. “समोर जे असेल ते सगळं मिळून राखाडी व्हायला हवं, एवढंच त्याला कळतं. पांढरं फार दिसलं की तो सगळंच विझवतो, पायासकट.”

बुधवारी तिने ते दोन फोटो मोठ्या सरांसमोर ठेवले. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण नर्सने यंत्राबद्दल बोलावं हे त्यांना नवीन होतं. मग त्यांनी काकांचा पाय स्वतः बराच वेळ पाहिला. टाच भरतेय, ते म्हणाले, करंगळीची मला खात्री नाही. अजून दोन आठवडे, पुढचा सोडून त्याच्या पुढच्या बुधवारपर्यंत थांबू. तोवर असे फोटो हवेत, की आजचा आणि उद्याचा शेजारी ठेवला तर फरक फक्त पायातला दिसला पाहिजे. निघता निघता ते दारात थांबले.

“सिस्टर, मग आजवर मी जे फोटो पाहून निर्णय घेतले, त्यांचं काय?”

तो प्रश्न तिला रात्रभर पुरला.

अशी तिची शिकवणी सुरू झाली. गुरू सहा नंबरच्या खाटेवर आडवा, शिष्या हातात मोजे घालून उभी. तिने एक छोटी वही केली. काका जे सांगत ते ती लिही आणि घरी जाऊन पडताळून पाही.

पहिल्या दिवशी काकांनी चक्री हिरव्या खुणेवरून काढून ‘ए’ या अक्षरावर आणली. इथे भिंगातलं भोक किती उघडायचं ते तुम्ही ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते तो ठरवतो. अर्धा कारभार तुमचा, अर्धा त्याचा. पाय काही कागदासारखा सपाट नसतो, टाच जवळ आणि बोटं लांब, म्हणून भोक लहान ठेवा, म्हणजे सगळं स्वच्छ दिसेल. आठ आकडा लावा. आणखी लहान हवं तर अकरा.

तिने पेन थांबवलं. आकडा मोठा आणि भोक लहान, हे तिला सरळ थट्टा वाटलं. घरी येऊन तिने नवऱ्याला विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला की, चष्मा विसरलेलं गिऱ्हाईक दुकानातली पाटी वाचताना डोळे बारीक करतं की नाही? लहान फटीतून जवळचं-लांबचं दोन्ही स्वच्छ दिसतं. आकड्याचं म्हणशील तर तो भागाकार आहे, भाकरीचे आठ भाग केले की तुकडा लहान होणारच. एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी परवानगी काढून तिने कॅमेरा घरी आणला, आकडा बावीसवर नेला, शटर दोन सेकंदांवर ठेवलं, आणि नवऱ्याला बटण दाबायला लावून स्वतः भिंगात डोकावली. आत पडदे मिटत मिटत मिरीच्या दाण्याएवढं भोक उरलं. मग तिने वहीत त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

त्या संध्याकाळी तिने घरात पांढरी बादली, काळी छत्री आणि शेवटी नवऱ्याचा राखी शर्ट असे फोटो काढले. ‘ए’वर बादली मळकी आली आणि छत्री विटकी. शर्ट तेवढा जसा होता तसा आला. म्हणजे काका खोटं बोलत नव्हते. काकांनी सांगितलेली, फोटो उजळ किंवा गडद करणारी अधिक-उणेची खूणही तिने करून पाहिली. बादलीसाठी अधिक एक केल्यावर बादली पांढरी झाली, छत्रीसाठी उणे एक केल्यावर छत्री काळी. नवरा म्हणाला की, मला वीस वर्षांत कधी एवढं निरखून पाहिलं नव्हतंस. ती म्हणाली, तुला नाही, शर्टाला बघतेय.

‘एस’ हे अक्षर तिला नऊ नंबरच्या आजींमुळे कळलं. त्यांचा पाय सतत थरथरे आणि त्यांच्या घोट्याचा फोटो आजवर एकदाही धड आला नव्हता. काकांनी आपल्या खाटेवरूनच सांगितलं, की इथे उलटं करा, शटर तुम्ही ठरवा, एक छेद अडीचशे, भोक त्याच्यावर सोडा. घोटा दगडासारखा स्थिर आला. आजींनी फोटो पाहिला आणि हा पाय माझा नव्हेच म्हणाल्या.

“पण तुमच्या कामाला यातलं कुठलंच पुरत नाही,” काका पाचव्या दिवशी म्हणाले. “अर्धा कारभार त्याच्याकडे आहे तोवर तो कपडा बघून मत बदलणार. एमवर या. सगळं तुमचं. पण मग बिघडलं तर कॅमेऱ्याला बोल लावायचा नाही.”

हे मात्र तिला मनापासून पटलं. दोघांनी मिळून एक रीत ठरवली. खिडकीचा पडदा ओढलेला, तपासणीचा दिवा हातभर अंतरावर, भोक आठ, शटर एक छेद साठ, आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, आठशे. हे आकडे तिने चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीवर लावले. जखमेची लांबी कळावी म्हणून फोटोत एक कागदी मोजपट्टी ठेवत. तिच्या कोपऱ्यात एक राखाडी चौकोन छापलेला असे. तो शोभेसाठी आहे अशी सगळ्यांची समजूत होती. काका म्हणाले, तो चौकोन रोज सारखा दिसला तरच फोटो खरा. सिस्टरने दुसऱ्या सिस्टरलाही ही रीत समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं, आकडे लिहून घेतले आणि आपल्या कामाला लागली.

आता फोटो एकामागून एक सारखे येऊ लागले. आणि त्यात जे दिसत होतं ते सिस्टर पाहत होती. टाच रोज थोडी थोडी भरत होती. करंगळीचा काळपट भाग मात्र रोज तीळभर पुढे सरकत होता. शेजारची दोन बोटं स्वच्छ होती. करंगळीचं तसं नव्हतं.

तिने ते काकांना सांगितलं नाही. पण काका रोज फोटो दाखवा म्हणत, आणि तिच्या लक्षात आलं, की ते टाचेकडे बघतच नाहीत. कॅमेरा हातात आला की बटण दाबून करंगळी मोठी करतात, बघतात, आणि परत देतात. शिकवणं चालू राहिलं, पण आता ते जरा जास्तच आनंदाने शिकवत होते. एवढ्या आजारी माणसाला एवढा उत्साह कुठून येतो, कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटे. मग तिलाच स्वतःची लाज वाटे. चांगलं शिकवणाऱ्या माणसावरही आपण संशय घ्यायचा?

ठरलेल्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी तिने नेहमीसारखा फोटो काढला. मुलगी शेजारीच उभी होती. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर करंगळी बरीच उजळ दिसली, काळेपणा जांभळट झालेला. मुलीने वडिलांचा हात धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरलाही क्षणभर जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. ते क्षणभरच. एका रात्रीत मेलेलं कातडं जिवंत होत नाही.

ती कंप्युटरपाशी गेली. कालचा फोटो डावीकडे, आजचा उजवीकडे. करंगळी पाहण्याआधी तिने राखाडी चौकोन पाहिला. कालचा होता तसाच होता. आजचा फिका होता, धुतल्यासारखा. तिने आकडे उघडले. शटर ठरल्याच्या दुप्पट वेळ उघडं राहिलं होतं. एक छेद तीस.

संशयाचं पहिलं बोट, सवयीने, दुसऱ्या सिस्टरकडे वळलं. सकाळची पाळी तिची होती, कॅमेरा तिच्याच हातात होता. सिस्टर खुर्चीवरून उठलीसुद्धा. मग परत बसली आणि आधी सकाळचे सगळे फोटो उघडले. दोन नंबर, एक छेद साठ. चार नंबर, एक छेद साठ. नऊ नंबरच्या आजी, एक छेद अडीचशे, आणि त्यानंतरचा अकरा नंबर पुन्हा एक छेद साठ. दुसरीने चक्री बदलली होती आणि न विसरता परतही आणली होती. शेवटचा बरोबर फोटो पावणेबाराचा होता, आणि त्यानंतर कॅमेरा थेट सिस्टरच्या ट्रॉलीवर आला होता. दुपारी जखम धुताना खारं पाणी संपलं म्हणून ती बाटली आणायला गेली, तेव्हा ट्रॉली सहा नंबरच्या खाटेला लागून होती. मुलगी पाणी भरायला बाहेर गेली होती. जेमतेम दोन मिनिटं.

आणि परत आल्यावर तिने आकडे न बघता बटण दाबलं होतं. बाटलीचं लेबल तीनदा वाचणाऱ्या बाईने कॅमेऱ्याच्या पाठीवर स्वतःच लिहून ठेवलेले आकडे एकदाही वाचले नव्हते. याचा तिला जास्त राग आला. काकांनी हे तिच्याबद्दल बरोबर ओळखलं होतं, की आता ती त्यांच्यावर विश्वास ठेवू लागली आहे.

चारच्या सुमारास मुलगी औषधांच्या खिडकीवर गेली तेव्हा सिस्टर स्टूल ओढून काकांपाशी बसली. कॅमेरा तिने मांडीवर ठेवला होता.

“काका, शटर एक छेद तीसवर कसं गेलं?”

काकांनी उलट विचारलं, की चौकोनावरून कळलं का? ती हो म्हणाली. त्यांनी मान डोलावली, जणू विद्यार्थिनीने बरोबर उत्तर दिलं.

मग ते सावकाश बोलले. स्टुडिओत येणारा प्रत्येक माणूस खुर्चीवर बसायच्या आधी एकच वाक्य बोलायचा, जरा उजळ येऊ द्या. लग्नाचं स्थळ बघायला फोटो हवा असो की कचेरीत लावायला असो. चाळीस वर्षं सगळ्यांना उजळ करून दिलं. कुणाचं काही बिघडलं नाही, उलट लोक खूश होऊन गेले. आज कॅमेरा हाताशी होता, हात शिवशिवले. वाटलं, उद्याचा बुधवार टळला तर आणखी आठवडा मिळेल.

“आठवड्याने काय झालं असतं?” सिस्टरने विचारलं.

“तेवढंच तर माहीत नव्हतं.”

तिने त्यांना रागावायचं ठरवलं होतं. वाक्यंही जुळवून आणली होती. पण या माणसाने चाळीस वर्षांचं कसब आपल्या एका करंगळीसाठी पणाला लावलं होतं, आणि वर ती लबाडी पकडायची युक्तीही तिलाच शिकवून ठेवली होती, हे पाहून तिला ती वाक्यं बोलवेनात. तिने एवढंच सांगितलं, की काळेपणा वर सरकतोय. तो फोटोत लपला तरी पायात लपणार नाही. आठवड्याने तो शेजारच्या बोटात गेला असता, आणि मग मोठ्या सरांनी तीनच काय, पाऊलही मागितलं असतं. शिवाय उद्या सर पाय डोळ्यांनीही बघणारच आहेत.

“त्यांनी मागच्या वेळीही डोळ्यांनी पाहिला होता,” काका म्हणाले. “डोळ्यांना खात्री नव्हती, म्हणूनच फोटो मागितले ना?”

तिने पडदा ओढला, दिवा हातभर अंतरावर आणला, आकडे मोठ्याने वाचले आणि फोटो पुन्हा काढला. काकांनी हात पुढे केला. कॅमेरा द्यावा की नाही, याचा तिने विचार केला. मग स्वतःच्या हातात धरूनच त्यांच्यासमोर नेला. काकांनी या वेळी काही मोठं करून पाहिलं नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाले, “हा बरोबर आहे.” थोड्या वेळाने, मुलीला मीच सांगतो, तुम्ही नका सांगू, असंही म्हणाले.

आधीचा फोटो पुसायची तिला मुभा नव्हती. कंप्युटरमध्ये त्याच्यासमोर शेरा लिहावा लागे. बावीस वर्षांत तिने एकही शेरा मोघम लिहिला नव्हता. आज मात्र तिने लिहिलं, ‘शटर चुकीचं होतं, फोटो पुन्हा काढला.’ दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी तो शेरा वाचून विचारलं, चुकीचं कुणी केलं? कॅमेरा माझ्या ताब्यात होता, ती म्हणाली. सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांनाही कसला तरी वास आला असणार. पण ते फोटोंकडे वळले.

दोन आठवड्यांचे फोटो त्यांनी ओळीने पाहिले. मग पेनाच्या टोकाने काचेवर, करंगळीच्या मुळाशी, एक रेघ दाखवली. इथपर्यंत मेलंय, इथून पुढे जिवंत आहे, आणि ही सीमा आता रोजच्या फोटोंत स्पष्ट दिसतेय. एकच बोट काढायचं. पंधरा दिवसांपूर्वी ते काळे फोटो पाहून मी तीन काढली असती, असं ते अगदी साध्या आवाजात म्हणाले.

शुक्रवारी करंगळी गेली. पाऊल राहिलं.

त्याच आठवड्यात सिस्टर पुन्हा चादरींच्या खोलीत गेली. दुसरी सिस्टर घड्या घालत होती. माफी मागायची सवय नसल्यामुळे सिस्टरने आधी दोन चादरींच्या घड्या घातल्या, मग पट्टीबद्दल विचारलं ते चुकलं, असं सांगून टाकलं. दुसरीने हात न थांबवता विचारलं, “आणि मंगळवारी? तेव्हाही माझ्यावरच संशय आला होता ना?”

“आला होता. पाच मिनिटं.”

“पाच मिनिटं म्हणजे सुधारणा आहे,” दुसरी म्हणाली. ती हसली नव्हती, पण चादरीचं दुसरं टोक तिने सिस्टरच्या हातात दिलं.

काका पुढे तीन महिने दर पंधरा दिवसांनी कपडा बदलायला येत राहिले. सिस्टर त्यांच्याशी प्रेमाने बोले, मुलीची चौकशी करी, आणि वहीतल्या अडचणीही विचारी; आणखी तीन वॉर्डांच्या नर्सेसना ही रीत शिकवायचं काम आता तिच्यावर आलं होतं. पण ते खोलीत असेपर्यंत कॅमेरा तिच्या गळ्यातून खाली उतरत नसे. बाटली आणायची झाली तरी ती तो घेऊनच जाई. काकांच्या ते पहिल्याच वेळी लक्षात आलं. तिने त्याची सारवासारव केली नाही.

शेवटच्या भेटीत टाच पूर्ण भरली होती. तिने आकडे वाचले, फोटो काढला, आणि काचेवरचा राखाडी चौकोन नीट पाहून घेतला. काका नव्या जोड्यात पाय घालत होते. चार बोटांसाठी जोडा जरा रुंद पडतोय, अशी त्यांची तक्रार होती. मुलीने पुढे कापूस भरायला सुचवलं. सिस्टर म्हणाली कापूस नको, घासेल आणि नवी जखम होईल. मग तो जोडा तिने हातात घेतला, आत बोटं फिरवून शिवण कुठे टोचते का ते दोनदा पाहिलं, आणि कुठल्या प्रकारचा घ्यायचा ते एका कागदावर लिहून दिलं. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि काठी टेकत दाराकडे निघाले.